अळिंबीसाठी पेंढ्याची सिद्धता

कार्तिक सरता सरता रायपूरच्या चहूबाजूंस धानाची कापणी व मळणी उरकत येते आणि गावोगावच्या खळ्यांत पेंढ्याच्या गंजी उभ्या राहतात. छत्तीसगडास ‘धानाचा कटोरा’ म्हणतात ते दाण्यावरून. परंतु हे पीक जितका दाणा देते जवळजवळ तितकाच, कित्येकदा त्याच्या दीडपट, पेंढाही देत असते. आणि त्याचा विचार दाण्याच्या मानाने फारच थोडा होतो. त्यातील बराच भाग गुरांच्या वैरणीस लागतो, काही छपरास जातो, काही फळांच्या व काचसामानाच्या पेट्यांत घातला जातो. राहिलेला कुजतो. जेथे यंत्राने कापणी होऊ लागली आहे तेथे तर तो शेतातच विखुरतो, आणि पुढील पिकाची घाई असली म्हणजे त्यास काडी लावण्यात येते.

नावांविषयी आरंभीच दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोकणात व घाटावर ज्यास भाताचा पेंढा म्हणतात, तेच भंडारा-गोंदियाकडे तणस आणि छत्तीसगडी भाषेत पैरा होय. अळिंबीचेही तसेच आहे. पुस्तकांतील भूछत्र ते पूर्व विदर्भातील टेकोडे, तेच रायपूरकडील फुटू. भोसल्यांच्या अमदानीपासून रायपुरात वसलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर ही सर्वच नावे पडत असतील. या पुस्तिकेत मात्र पेंढा व अळिंबी हे दोनच शब्द वापरले आहेत.

पावसाळ्यात जुन्या गंजीच्या ओल्या कुशीतून एक प्रकारची करडी अळिंबी आपोआप वर येते. तिला छत्तीसगडात पैरा-फुटू म्हणतात व ती आवडीने खाल्ली जाते. तेथे कोणी बी पेरलेले नसते, पेंढा उकळलेला नसतो, काही मोजलेले नसते. उलट, घरी अळिंबी लावून पाहणारा नवशिक्या चांगले बी विकत आणतो, ते ओल्या पेंढ्यात घालतो, पिशवी बांधतो, आणि दहा दिवसांनी उघडून पाहतो तो आत हिरवी बुरशी व आंबूस वास. निसर्गात जे सहज घडते ते पिशवीत का घडू नये? या प्रश्नाचे उत्तर बियाण्यात क्वचितच सापडते. ते बहुधा पेंढ्याच्या पूर्वतयारीत असते, आणि म्हणून ही पुस्तिका मुख्यत्वेकरून त्या तयारीविषयीच आहे.

पेंढा म्हणजे काय?

वाळलेल्या पेंढ्याची काडी हातात घेऊन निरखून पाहावी. ती पोकळ असते, तिला पेरे असतात, आणि तिचा पृष्ठभाग गुळगुळीत व चकचकीत दिसतो. ही चकाकी मेणासारख्या एका पातळ लेपामुळे येते. काडी बोटांत चोळली असता ती खरखरीत लागते. भाताचे झाड मातीतील सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, शोषून आपल्या अंगात साठविते त्याचा हा परिणाम होय. पेंढा कापणाऱ्या पात्याची धार लवकर जाते याचे कारणही तेच.

काडीच्या भिंती मुख्यत: तीन द्रव्यांच्या बनलेल्या असतात. पहिले सेल्युलोज; कापूस जवळजवळ याचाच बनलेला असतो. त्याच्याच जातीचे, परंतु अधिक सुटसुटीत, हेमिसेल्युलोज हे दुसरे. तिसरे लिग्निन, जे लाकडास कठीणपणा आणते. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ही शर्करेच्या कणांची साखळी आहे. परंतु लिग्निनने ती चुन्याने विटा सांधाव्या तशी सांधून टाकलेली असते. माणसास पेंढा पचत नाही. गायीस तो पचतो, तोही तिच्या पोटातील सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने आणि अर्धामुर्धाच. लिग्निनचा हा सांधा उकलण्याची विद्या सृष्टीत फार थोड्या जीवांस अवगत आहे, आणि धिंगरी अळिंबी ही त्यांपैकी एक होय. जंगलात ती मेलेल्या झाडांच्या खोडांवर वाढते. तिचे पांढरे तंतू लाकडात शिरतात, बाहेर विकरे सोडतात, त्या विकरांनी लिग्निन व सेल्युलोज यांचे तुकडे होतात, आणि झालेला रस तंतू शोषून घेतात. अळिंबीचे पचन असे तिच्या शरीराबाहेर चालते. आपण खातो ती छत्री म्हणजे या तंतूंच्या जाळ्यास आलेले फळ. खरी वनस्पती, जर तिला वनस्पती म्हणावयाचे असेल तर, आतच दडलेली असते. आज शास्त्रज्ञ कवकांस वनस्पती मानीत नाहीत, त्यांचे निराळेच सृष्टिकुल मानतात.

आता अडचण कोठे येते ते पाहू. पेंढ्यात या कठीण द्रव्यांखेरीज थोडीशी सुटी साखर, थोडे पिष्ट आणि थोडी प्रथिनेही असतात. ती सहज पचतात. शेतातून व खळ्यातून आलेल्या पेंढ्यावर असंख्य बुरशींचे बीजाणू आणि जंतू बसलेले असतातच. पाणी मिळताच ते जागे होतात आणि त्या सुट्या अन्नावर तुटून पडतात. त्यांची वाढ अळिंबीच्या तंतूंहून कितीतरी वेगाने होते. ट्रायकोडर्मा नावाची हिरवी बुरशी तर एवढ्यावरच थांबत नाही. ती अळिंबीच्या तंतूंवरच हल्ला करते. धिंगरी सावकाश चालणारी आहे. तिला कठीण अन्न पचते हे तिचे बळ, परंतु ते बळ उपयोगी पडण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ तिला मिळवून देणे हेच पेंढ्याच्या तयारीचे सारे प्रयोजन आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेंढ्यातील झाडून सारे जंतू मारावयाचे, असे पुष्कळांस वाटते, आणि कोणी उत्साही गृहस्थ पेंढा प्रेशर कुकरमध्ये घालून शिजवितात. परंतु पूर्ण निर्जंतुक पेंढा म्हणजे कुंपण नसलेले मोकळे शेत. प्रयोगशाळेतील स्वच्छ हवेत त्यात बी घालता आले तर ठीक; घरच्या ओसरीवर मात्र हवेतून उतरणारा पहिला बीजाणू त्या शेताचा मालक होतो. पासष्ट ते सत्तर अंश सेल्सिअस उष्णता तासभर दिली असता बहुतेक बुरशी व त्यांचे बीजाणू, तसेच कीटकांची अंडी नाश पावतात. काही उष्णतासाहू जंतू मात्र उरतात. हे उरलेले जंतू अळिंबीस बाधक नसतात, आणि नव्या बुरशीस पाय रोवू देत नाहीत. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात द्राक्षासव टिकविण्यासाठी मर्यादित उष्णतेची जी युक्ती काढली, तिच्यावरून या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात. दुधाच्या पिशवीवर हा शब्द प्रत्येकाने वाचलेला असतो.

हे ज्ञान कसे जमले

धिंगरीची हेतुपुरस्सर लागवड प्रथम जर्मनीत झाली. रिचर्ड फाल्क यांनी १९१७ साली तिला लाकडाच्या ओंडक्यांवर वाढविले. गंजीवरील पैरा-फुटूची कथा अधिक जुनी आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडुंग प्रांतात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पेंढ्यावर तिची लागवड होत असे, आणि तिचे श्रेय तेथील बौद्ध भिक्षूंस देण्यात येते. भारतात या जातीचे पहिले यशस्वी प्रयोग १९४० च्या सुमारास कोइमतूर येथे झाले. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर वाढू शकते हे १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील बानो व श्रीवास्तव यांनी दाखवून दिले. पुढे १९७४ मध्ये सोलन येथील जंडैक यांनी निवडुंगासारख्या एका थोराच्या झाडावर आढळलेली धिंगरीची जात लागवडीत आणली. ओंडक्यास फळ येण्यास महिनोन् महिने लागतात. पेंढ्यास चार आठवडे पुरतात. ओंडका सोडून पेंढा हाती घेतला गेला, म्हणूनच ही अळिंबी सामान्य माणसाच्या घरात येऊ शकली.

अळिंबीवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे मुख्य ठाणे हिमाचल प्रदेशातील सोलन येथे आहे, व त्याच्या केंद्रांपैकी एक रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आहे. हे विद्यापीठ १९८७ साली स्थापन झाले. त्यापूर्वीचे कृषी महाविद्यालय १९६१ चे. भाताच्या २३,००० हून अधिक वाणांचा संग्रह जेथे जतन केलेला आहे, त्याच आवारात भाताच्या टाकाऊ पेंढ्यावर अळिंबी वाढविण्याचे शिक्षण मिळावे, हा योग चांगलाच म्हणावयाचा. घरगुती लागवडीसाठी लागणारे बियाणेही अशाच कृषी विद्यापीठांतून वा कृषी विज्ञान केंद्रांतून घेणे श्रेयस्कर. हे बियाणे म्हणजे बी नव्हे; उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेले अळिंबीचे तंतू ते. दाणे शुभ्र तंतूंनी एकमेकांस चिकटलेले असावेत. त्यांत हिरवा किंवा काळा ठिपका दिसल्यास ती पिशवी परत करावी.

पेंढ्याची निवड

पेंढा त्याच हंगामातील, सोनेरी, कोरडा, आणि मोडला असता कटकन आवाज करणारा असावा. पावसात भिजून पुन्हा वाळलेला पेंढा दिसावयास बरा दिसला तरी घेऊ नये. त्यातील सुटे अन्न आधीच कोणीतरी खाऊन टाकलेले असते, व खाणारा आपले बीजाणू तेथेच ठेवून गेलेला असतो. काळसर, भुरकट किंवा कुबट वास येणाऱ्या पेंढ्याचे उकळून सोने होत नाही. कापणीच्या अगदी आधी ज्या शेतावर औषध फवारले असेल तेथील पेंढाही टाळावा.

रायपूरकरास या बाबतीत ऋतूची मोठीच अनुकूलता आहे. नवा पेंढा नोव्हेंबरात हाती येतो आणि त्याच वेळी हवा धिंगरीस मानवेल इतकी थंड होऊ लागते. वीस ते अठ्ठावीस अंश ही तिची आवडती उष्णता. तेव्हा नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. चैत्र-वैशाखात पारा ४० च्या वर जातो तेव्हा तिचा नाद सोडलेलाच बरा.

काडीचे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत. घरात कुट्टीयंत्र नसेल तर जुडी आवळून धरून कोयत्याने तोडता येते. तुकडे केल्याने काडीची पोकळी दोन्ही बाजूंनी उघडी पडते, पाणी आत शिरते, आणि अळिंबीच्या तंतूंसही मेणाचा लेप भेदण्याऐवजी उघड्या दारातून प्रवेश मिळतो. यापेक्षा बारीक भुसा मात्र करू नये, कारण तो ओला झाला की त्याचा लगदा होऊन हवा कोंडते.

पाणी आणि उष्णता

तुकडे पोत्यात किंवा जाळीच्या पिशवीत भरून स्वच्छ थंड पाण्यात रात्रभर बुडवावेत. पेंढा तरंगतो, यास्तव वर दगड ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर वरचा थर कोरडाच राहतो. सकाळी पाण्याचा रंग फिक्या चहासारखा झालेला दिसेल. हा रंग म्हणजे पेंढ्यातून निघालेली सुटी द्रव्ये होत, अर्थात शत्रूची शिदोरी. हे पाणी पुन्हा वापरू नये. बागेतील झाडांस घालण्यास हरकत नाही. पाणी ओतून दिल्यावर पेंढा एकदा स्वच्छ पाण्यातून काढावा.

यानंतर उष्णतेचे काम. मोठे पातेले चुलीवर ठेवून त्यातच पेंढा घालता येतो, पण घरगुती भांड्यात तळचा पेंढा उकळतो व वरचा कोमटच राहतो. त्यापेक्षा पुढील रीत सोपी आणि खात्रीची आहे. समजा, दोन किलो कोरडा पेंढा घेतला होता. भिजून निथळल्यावर त्यात सुमारे चार लिटर पाणी असते. पन्नास लिटरच्या पिंपात वीस लिटर उकळते पाणी आणि दहा लिटर साधे, म्हणजे पंचवीस अंशांचे पाणी ओतावे. या मिश्रणाची उष्णता किती होईल, हे शाळेतील विद्यार्थी कागदावर काढू शकतील: वीस गुणिले शंभर, अधिक दहा गुणिले पंचवीस, भागिले तीस, उत्तर पंचाहत्तर अंश. त्यात भिजलेला थंड पेंढा बुडविला की उष्णता उतरून अडुसष्टच्या जवळपास येते. ओतताना पाणी थोडे निवते आणि पिंपाची भिंतही थोडी ऊब खाते, म्हणून पाणी खळखळ उकळत असतानाच ओतावे. पेंढा पूर्ण बुडेल असे वजन वर ठेवावे, झाकण लावावे, आणि पिंपास गोणपाटाचे किंवा जुन्या गोधडीचे दोन-तीन वेढे द्यावेत. वेढे चांगले असतील तर तासाभरात उष्णता फार उतरत नाही.

तास मोजावयाचा तो पेंढा घातल्यानंतर पाण्याने पासष्ट अंश दाखविल्यापासून. बोट बुडवून अंदाज घेण्याची सवय या कामी निरुपयोगी आहे, कारण पंचावन्न अंश आणि पासष्ट अंश हे दोन्ही बोटास सारखेच असह्य वाटतात. बुरशीस मात्र ते सारखे नसतात. पन्नास-पंचावन्न अंशांवर काही बीजाणू मरण्याऐवजी टिकून राहतात आणि पुढे सोईस्कर ओल मिळताच उगवतात. एक लांब दांड्याची तापमापी घ्यावी. पासष्टच्या खाली उष्णता गेल्यास आणखी थोडे उकळते पाणी घालावे. शाळेत हा प्रयोग करावयाचा असेल तर उकळते पाणी शिक्षकांनीच हाताळावे, विद्यार्थ्यांनी मोजमाप करावे.

इंधनाचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास पंधराशे किलोकॅलरी उष्णता लागते. स्वयंपाकाच्या शेगडीत वाया जाणारी उष्णता धरली तर यासाठी सुमारे पाव किलो गॅस खर्च होतो. एका पिशवीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. दोन-तीन पिशव्यांचा पेंढा एकदम सिद्ध करावा.

औषधाची रीत, आणि ती घरात का नको

मोठ्या प्रमाणावर लागवड करणाऱ्यांत दुसरी एक रीत रूढ आहे. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक व सव्वाशे मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळून त्यात पेंढा सोळा ते अठरा तास झाकून ठेवतात. ही रीत सोलन येथील संशोधनातून आली. तिला इंधन लागत नाही, एकाच वेळी क्विंटलभर पेंढा तयार होतो, आणि हिरव्या बुरशीचा बंदोबस्त उत्तम होतो. जेथे उघडे आवार, हातमोजे, मुखवटा आणि जाणते हात आहेत तेथे तिची उपयुक्तता नाकारता येत नाही.

परंतु घराच्या ओसरीवर, पोरेबाळे वावरतात तेथे, तिचा अवलंब करू नये असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो एवढ्यावर ते भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली त्यातील फॉर्माल्डिहाइड हे द्रव्य माणसात कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून नोंदविले आहे. शिवाय अठरा तासांनंतर उरलेले शंभर लिटर पाणी कोठे ओतावे, हा प्रश्न कोणतीच पत्रिका सोडवीत नाही. दोन किलो पेंढ्यासाठी ही जोखीम घेण्याचे प्रयोजन काय? घरगुती लागवडीचा मोठा लाभ हाच की, आपण काय खातो ते आपल्यास ठाऊक असते. तो लाभ पहिल्याच पायरीवर घालवू नये.

काही ठिकाणी चुन्याच्या निवळीत पेंढा भिजवितात. चुन्याने पाणी तीव्र अल्कधर्मी होते. बहुतेक बुरशींस ते सोसत नाही, धिंगरीस मात्र थोडा अल्कधर्म चालतो. इंधन दुर्मिळ असेल तेथे ही रीत विचारात घेण्याजोगी आहे. चुन्याने हातांची कातडी सोलवटते हे विसरू नये.

निथळणे : सर्वांत दुर्लक्षित पायरी

येथवर सर्व नीट करूनही अनेकांचे काम फसते ते पुढच्या दोन-तीन तासांत. गरम पाण्यातून काढलेला पेंढा घाईने पिशवीत भरला तर दोन आपत्ती एकदम ओढवतात: त्याच्या ऊबेने बियाण्यातील तंतू मरतात, आणि जादा पाणी तळाशी साचते. साचलेल्या पाण्यात हवा नसते. अळिंबीच्या तंतूंस आपल्यासारखाच प्राणवायू लागतो, तेव्हा ते तेथे गुदमरतात; ज्या जंतूंस हवेवाचून चालते ते माजतात, आणि पिशवीस आंबलेल्या भाताचा वास येऊ लागतो.

म्हणून पेंढा जाळीवर, टोपलीत किंवा उतरत्या फरशीवर पसरून निथळू द्यावा. फरशी आधी गरम पाण्याने धुतलेली असावी. पंखा लावू नये. तो निवविण्याबरोबर घरभरची धूळही त्यावर आणून टाकतो. पेंढा गालास लावला असता गार लागेपर्यंत थांबावे. मग मुठीची परीक्षा घ्यावी. मूठभर पेंढा जोराने आवळावा. बोटांतून पाण्याची धार किंवा थेंब पडले तर अजून थांबावे. थेंब न पडता तळहात ओलसर झाला तर पेंढा सिद्ध झाला. तळहात कोरडाच राहिला तर पेंढा अधिक वाळला; त्यावर उकळून गार केलेले पाणी शिंपडावे. या परीक्षेत उतरलेल्या पेंढ्याच्या शंभर भागांत सुमारे पासष्ट ते सत्तर भाग पाणी असते. तराजूनेही पडताळा पाहता येतो: दोन किलो कोरड्या पेंढ्याचे वजन आता सहा किलोच्या आसपास भरले पाहिजे.

पिशवी आणि पुढील दिवस

सहा किलो ओल्या पेंढ्याच्या दोन पिशव्या होतात. त्यांस ओल्या वजनाच्या शेकडा तीन या प्रमाणात, म्हणजे एकूण १८० ग्रॅम बियाणे पुरते. हात साबणाने धुवून, पेंढ्याचा एक थर, वर कडेकडेने बियाणे, पुन्हा थर, असे चार-पाच थर पॉलिथिनच्या पिशवीत दाबून भरावेत. पिशवीचे तोंड बांधून तिला सुईदाभणाने दहा-पंधरा भोके पाडावीत. पिशवी काळोख्या, स्वच्छ खोलीत टांगावी किंवा मांडणीवर ठेवावी. पंधरा ते वीस दिवसांत पांढरे जाळे पेंढाभर पसरते आणि सारा गठ्ठा एकसंध, ठोकळ्यासारखा लागतो. मग प्लॅस्टिक कापून काढावे, थोडा उजेड व भरपूर हवा येऊ द्यावी, आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा मारून भोवतालची हवा दमट ठेवावी. आठवड्याभरात टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात व पुढील तीन-चार दिवसांत ते काढणीस येतात. छत्रीची कड वर वळू लागण्यापूर्वीच गुच्छ पिळून काढावा. उशीर झाला तर ती लक्षावधी बीजाणू सोडते. बंद खोलीत ते रोज श्वासाबरोबर गेले तर काहींस खोकला व ताप येतो.

आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन बहर मिळून, कोरड्या पेंढ्याच्या वजनाच्या अर्धी ते पाऊणपट ताजी अळिंबी हाती लागते. अर्थात आपल्या दोन किलो पेंढ्यातून एक ते दीड किलो. अळिंबीच्या पौष्टिकतेविषयी पुष्कळ अतिशयोक्ती चालते, म्हणून आकडा सांगून ठेवतो. ताज्या अळिंबीत शंभरात नव्वद भाग पाणी असते. उरलेल्या दहा भागांत फार तर चतुर्थांश प्रथिन. म्हणजे किलोभर अळिंबीत वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिन येते. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीतही साधारण तेवढेच असते. डाळीची जागा अळिंबी घेऊ शकत नाही. परंतु ज्या पेंढ्यातून माणसाच्या पोटात काहीच जात नव्हते त्यातून ही रुचकर भाजी निघते, याचे मोल निराळे आहे.

पैरा-फुटूचा अपवाद

आता गंजीवरील त्या आपोआप उगवणाऱ्या अळिंबीकडे वळू. तिच्या लागवडीत पेंढा तोडत नाहीत, तापवीतही नाहीत. लांब काड्यांच्या जुड्या बांधून त्या सोळा-अठरा तास पाण्यात बुडवितात, निथळवून आडव्या-उभ्या रचतात, थराथरांत बियाणे व थोडे डाळीचे पीठ घालतात आणि वाफा प्लॅस्टिकने झाकतात. एवढ्यावर ती येते, कारण तिला तीस ते पस्तीस अंशांची ऊब लागते. ओला पेंढा रचला की तो आतून स्वत:च तापतो, आणि त्या ऊबेत अनेक प्रतिस्पर्धी मागे पडतात. ही मात्र झपाट्याने वाढते. धिंगरीसाठी जे काम आपण गरम पाण्याने करतो, ते येथे ऋतू आणि वाफा मिळून करतात. रायपुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हिचा काळ.

असे असूनही नवशिक्याने प्रथम धिंगरीच लावावी. पैरा-फुटूस लिग्निनचा सांधा नीट उकलता येत नाही, म्हणून शंभर किलो पेंढ्यास ती दहा-पंधरा किलोच देते. ती अंड्यासारखी मिटलेली असतानाच काढावी लागते, आणि शीतकपाटात ठेवली तर टिकण्याऐवजी पाणी सुटून बिघडते. सकाळी काढावी, दुपारी खावी.

पिशवी काय सांगते

हिरवा डाग पिशवीत एखाद्याच ठिकाणी असेल तर तेथे उष्णता पोहोचली नव्हती किंवा हात अस्वच्छ होता असे समजावे; सर्वत्र असेल तर पेंढाच जुना होता. तळाशी पिवळे पाणी व दुर्गंध म्हणजे निथळणे अपुरे. बारीक काळ्या छत्र्या, ज्या उगवून दिवसभरात शाईसारख्या विरघळतात, त्या पेंढा कमी तापल्याची व अधिक ओला राहिल्याची खूण होत. हिरवी पिशवी घरात उघडू नये. ती तशीच दूर नेऊन पुरावी.

पिशवीतून धिंगरीखेरीज दुसरी कोणतीही छत्री उगवली तर ती खाऊ नये, मग ती कितीही मोहक दिसो. चांदीचे नाणे काळे पडते की नाही, किडे तिला खातात की नाही, या परीक्षांवर विश्वास ठेवून दरवर्षी पावसाळ्यात माणसे दगावतात. विषारी अळिंबी ओळखण्याची अशी कोणतीही घरगुती खूण नाही. आपण पेरलेली जात ओळखीची आहे, तेवढीच खावी.

तिसऱ्या बहरानंतर पेंढा हलका, मऊ आणि तपकिरी होतो. तो मोकळा करून शेणाबरोबर खड्ड्यात घातला म्हणजे कच्च्या पेंढ्याहून पुष्कळ लवकर कुजतो, कारण अळिंबीने निम्मे काम आधीच केलेले असते. मात्र हे जुने गठ्ठे नव्या पिशव्यांच्या खोलीत क्षणभरही ठेवू नयेत. त्यांवर माश्या अंडी घालतात, आणि त्या माश्यांच्या पायांस हिरव्या बुरशीचे बीजाणू चिकटलेले असतात. पुढच्या खेपेचा पेंढा भिजविण्यापूर्वी खोली रिकामी करून, धुवून, दोन दिवस उन्ह-वारा खाऊ द्यावी.